फुटबॉलचा गुडघा आणि घराचा हिशेब

सोमवारची ओपीडी आमच्या अस्थिव्यंगोपचार विभागात सगळ्यात गर्दीची. रविवारी पडलेले, घसरलेले, धडकलेले सगळे सोमवारी केसपेपरच्या रांगेत असतात. कोल्हापूर भागात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की या रांगेत एक चेहरा हमखास दिसू लागतो. विशीतला पोरगा, अंगात तालमीची जर्सी, एका पायात चप्पल, दुसरा पाय सुजलेला आणि दोन्ही बाजूंना आधाराला दोन मित्र. ‘काय झालं रे?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही सर, जरा मुरगळलाय.’

असाच एक मुलगा काही वर्षांपूर्वी आला होता. नाव सांगत नाही. सोबत वडील होते, फाउंड्रीत कामाला. दुखापत आठ महिन्यांपूर्वीची होती. सामन्यात हवेतला चेंडू घेऊन तो खाली उतरला, एका पायावर वळला आणि गुडघ्यातून ‘कट’ असा आवाज आला. कुणाचा धक्का लागला नव्हता. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. दुसऱ्या दिवशी कुठेतरी एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. घरच्यांना हायसं वाटलं. मग हाडवैद्याकडचा लेप, पंधरा दिवस पट्टी, आणि सूज उतरल्यावर बाजारातून आणलेली नी-कॅप. सव्वा महिन्याने उपांत्य सामना होता. पेठेची इज्जत होती, संघात दुसरा बचावपटू नव्हता. फवारा मारून तो मैदानात उतरला आणि विसाव्या मिनिटाला पुन्हा पडला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत गुडघा पाच-सहा वेळा ‘सटकला’. एकदा तर घराच्या जिन्यातच.

मी तपासत असताना त्याने एकच प्रश्न विचारला, ‘सर, सोळाशे मीटर कधी पळता येईल?’ पोलीस भरतीची तयारी चालली होती. मैदानी चाचणीत १६०० मीटर धावायचं असतं. त्याचं फुटबॉल, त्याची नोकरी आणि घरच्यांची आशा, सगळं त्या एका सांध्यावर उभं होतं.

‘कट’ आवाज म्हणजे काय?

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकलेली असतात. खुब्याच्या सांध्यात जशी खोल वाटी असते तशी इथे नसते. त्यामुळे गुडघ्याची सगळी भिस्त असते स्नायूंवर आणि लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्यांवर. सांध्याच्या आत अशा दोन दोऱ्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून जातात. त्यातली पुढची दोरी म्हणजे एसीएल. साधारण करंगळीएवढी जाड आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा पिळवटू नये, याची राखण ती करते.

खेळाडू वेगात असताना अचानक थांबतो, दिशा बदलतो किंवा उडी मारून एका पायावर उतरतो, तेव्हा पाय जमिनीत रुतलेला राहतो आणि अंग वळतं. गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि क्षणाच्या लहानशा भागात ही दोरी तुटते. फुटबॉलमध्ये एसीएल तुटते ती बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याची लाथ गुडघ्यावर बसून नव्हे, तर अशा स्वतःच्याच हालचालीतून. म्हणूनच ‘मला कुणी हातसुद्धा लावला नाही’ असं सांगणाऱ्या खेळाडूकडे आम्ही जास्त लक्ष देतो.

आवाज येणं, काही तासांत भरपूर सूज येणं आणि नंतर गुडघा ‘सटकल्यासारखा’ वाटणं ही तीन लक्षणं एकत्र असतील तर एसीएल तुटल्याची दाट शक्यता असते. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात साठलेलं रक्त. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, दोरी दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ याचा अर्थ ‘गुडघा नॉर्मल’ असा होत नाही. अनुभवी डॉक्टर हाताने नडगी पुढे ओढून पाहतो तेव्हाच अर्ध्याहून अधिक निदान होतं, एमआरआय त्यावर शिक्कामोर्तब करतो.

दोरी तुटलेल्या गुडघ्यावर खेळत राहिलं तर काय होतं, ते या मुलाच्या एमआरआयमध्ये दिसलं. दोन हाडांमध्ये गादीचं काम करणाऱ्या चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतल्या बाजूची चकती चिंध्या झालेली होती. पहिल्या दुखापतीत ती कदाचित शाबूत असावी. नंतरच्या प्रत्येक ‘सटकण्यात’ ती हाडांमध्ये चिरडत गेली. चकती गेली की हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेची झीज सुरू होते. एसीएल किंवा मेनिस्कस फाटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत १० ते २० वर्षांत गुडघ्याची झीज दिसू लागते, असं अभ्यास सांगतात. विशीत दुखापत झालेल्याला पस्तिशी-चाळिशीत आजोबांचा गुडघा! ज्या वयात घर चालवायचं, त्या वयात जिना चढताना कठडा धरायचा.

कलम धरायला वेळ लागतो

तुटलेली एसीएल शिवून जोडता येतं, असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. आम्ही रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध घेतो आणि दुर्बिणीतून, हाडात बोगदे पाडून तो नव्या दोरीसारखा बसवतो. म्हणजे हे एक प्रकारचं कलमच. बागायतदाराला हे समजावणं सोपं जातं. आंब्याचं कलम बांधलं की ते आधी धरावं लागतं, आणि त्या काळात त्याला धक्का लागून चालत नाही. गुडघ्यातलं कलमही पहिले काही महिने आधी कमजोर होतं, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू त्याची दोरी बनते. गंमत अशी की दुखणं मात्र याच्या कितीतरी आधी थांबतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलगा म्हणतो, ‘सर, आता अजिबात दुखत नाही.’ नेमका तेव्हाच धोका मोठा असतो.

नॉर्वेतल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्याचा काळ नऊ महिन्यांपर्यंत जितका लांबवला, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता घटली, आणि ती प्रत्येक महिन्यामागे जवळपास निम्म्याने. म्हणून नऊ महिने ही आजची किमान मर्यादा मानली जाते. तीही केवळ कॅलेंडर बघून नव्हे, तर दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजून. इतकं करूनही सगळे खेळाडू पूर्वीसारखे होत नाहीत. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा असं सांगतो की शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८१ टक्के कुठला ना कुठला खेळ पुन्हा खेळू लागले, पण पूर्वीच्या दर्जाला पोचले ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात परतले ५५ टक्केच.

घाईची किंमत काय, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्राझीलच्या रोनाल्डोचं. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायूबंध फाटला. एप्रिल २००० मध्ये इटालियन चषकाच्या अंतिम लढतीत तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच तोच स्नायूबंध पूर्ण तुटला. त्या वेळचं त्याचं मैदानात कोसळणं जगाने पाहिलं. दुसऱ्या वेळी मात्र त्याने धीर धरला. दीर्घ पुनर्वसनानंतर तो २००२ च्या विश्वचषकात उतरला, त्याने आठ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. त्याच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर होते. आपल्या पेठेतल्या पोराच्या दिमतीला असतो तो थंड फवारा.

मुलींच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. सारखाच खेळ खेळताना मुलींची एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन ते तीन पट आढळतं. उडीनंतर उतरताना गुडघा आत झुकण्याची सवय आणि खुब्याच्या स्नायूंची ताकद ही कारणं त्यात आहेत. मुलींना पुरेसं ताकदीचं प्रशिक्षण न मिळणं हेही तितकंच महत्त्वाचं कारण आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकाला बेथ मीड, लीआ विल्यमसन आणि व्हिव्हिआन मिडेमा अशा नामवंत खेळाडू याच दुखापतीमुळे मुकल्या. आता आपल्याकडे शाळांमधून मुली फुटबॉल खेळू लागल्या आहेत, हे फार चांगलं आहे. फक्त त्यांना बूट देताना व्यायामही द्यायला हवा.

घोटा आणि मांडी: ‘किरकोळ’ म्हणून सोडलेल्या दुखापती

एसीएलची चर्चा होते, पण संख्येने जास्त असतात त्या घोट्याच्या आणि मांडीच्या दुखापती. घोटा मुरगळला की आपल्याकडे तीन गोष्टी लगेच होतात. कुणीतरी पाय ओढतो, कुणीतरी गरम तेलाने चोळतो आणि कुणीतरी ‘चालून बघ, मोकळा होईल’ म्हणतो. पहिले दोन-तीन दिवस या तिन्ही गोष्टी टाळायच्या. आत फाटलेल्या धाग्यांतून रक्त झिरपत असताना चोळणं आणि शेकणं म्हणजे सूज वाढवणं. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं दिवसातून काही वेळा, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच ठेवणं आणि झेपेल तेवढीच हालचाल, हे पुरतं. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर तीव्र दुखत असेल तर एक्स-रे हवाच. आणि दुखणं थांबल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम काही आठवडे केला नाही तर तोच घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो.

मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, हा वेगवान खेळाडूंचा शत्रू. स्वीडनचे प्राध्यापक यान एकस्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली युरोपच्या मोठ्या क्लबांमधल्या दुखापतींची नोंद २००१ पासून अखंड ठेवली जाते. त्या नोंदींनुसार व्यावसायिक खेळाडूला एका हंगामात सरासरी दोन दुखापती होतात, म्हणजे २५ जणांच्या संघात वर्षाला सुमारे ५०. सामन्यातला धोका सरावापेक्षा कितीतरी जास्त. पहिल्या हंगामात एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २१ वर्षांनी तो २४ टक्के झाला. वैद्यकशास्त्र पुढे गेलं, पण खेळाचा वेग आणि सामन्यांची गर्दी त्याहून पुढे गेली. आपल्याकडेही एका हंगामात लीग, मग एकापाठोपाठ एक चषक, तीच पंधरा-सोळा पोरं आणि उन्हात कडक झालेलं मैदान. थकलेला स्नायू आधी फाटतो, हा नियम माद्रिदला आणि मंगळवार पेठेला सारखाच लागू आहे.

आणि दुखणं दाबून खेळण्याचा शेवट कुठे होतो? अर्जेंटिनाचा महान आघाडीवीर गॅब्रिएल बातिस्तुताने निवृत्तीनंतर जाहीरपणे सांगितलं की घोट्यांच्या वेदना इतक्या असह्य झाल्या होत्या की त्याने डॉक्टरांना पाय कापून टाकायची विनंती केली होती. रात्री बाथरूम काही पावलांवर असूनही उठून जाता येत नसे. त्याचे गोल आपण पाहिले. ते बिल त्याने एकट्याने भरलं.

डोक्याला मार: दिसत नाही म्हणून नसतो असं नाही

२०१४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रॅमरच्या चेहऱ्यावर प्रतिस्पर्ध्याचा खांदा जोरात आदळला. तो उठला आणि आणखी सुमारे पाव तास खेळला. मग त्याने पंचांनाच विचारलं, ‘ही अंतिम लढतच आहे ना?’ तेव्हा कुठे त्याला बाहेर काढलं. जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, डॉक्टरांची फौज बाजूला असताना, मेंदूला बसलेला धक्का इतका वेळ कुणाच्या लक्षात आला नाही. गल्लीतल्या मैदानावर काय होत असेल याचा अंदाज करा.

मेंदूच्या धक्क्यात, म्हणजे कन्कशनमध्ये, बेशुद्ध पडलंच पाहिजे असं नाही. गोंधळल्यासारखं बघणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, डोकं दुखणं, मळमळणं, प्रकाश सहन न होणं, ‘धुकं पसरल्यासारखं’ वाटणं, यातलं एक लक्षण असलं तरी त्या दिवशीचा खेळ संपला. सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, एका बाजूची कमजोरी किंवा जागं न होणं यापैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात.

वर्षानुवर्षं चेंडूला डोकं लावण्याचं काय? वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि इंग्लंडकडून खेळलेला जेफ अ‍ॅस्टल २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी गेला, आणि मृत्यूच्या चौकशी अधिकाऱ्याने कारण नोंदवलं, ‘व्यवसायजन्य आजार’. पुढे ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. नंतरच्या विश्लेषणात बचावपटूंमध्ये धोका सर्वांत जास्त दिसला, तर क्वचितच डोकं लावणाऱ्या गोलरक्षकांत तो लक्षणीय वाढलेला नव्हता. घाबरून खेळ सोडावा असं यात काही नाही. याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू खेळाडूंमध्ये कमी होते. पण लहान मुलांकडून डोक्याने चेंडू मारण्याचा सराव करून घेऊ नये, एवढा धडा नक्की घ्यावा. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला बंदी घातली आहे, आणि ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या सरावात ते बंद करण्याचा मार्ग २०२० मध्ये स्वीकारला गेला.

कोसळलेला खेळाडू आणि पहिली पाच मिनिटं

५ डिसेंबर २००४. बेंगळूरुमध्ये फेडरेशन चषकाचा अंतिम सामना. गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्टियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक घेतली आणि तो उठलाच नाही. हृदय थांबून त्याचा मृत्यू झाला. डेम्पोने चषक जिंकला, पण गोव्यात तो चषक कुणी आनंदाने उचलला नाही.

१२ जून २०२१. कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेत डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन चालता चालता कोसळला. हृदय थांबलं होतं. सहकाऱ्यांनी लगेच इशारा केला, वैद्यकीय पथकाने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, यंत्राने शॉक दिला. तो वाचला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला.

हृदय थांबल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ मैदानावरच्या माणसांच्या हातात असतो. खेळाडू कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येत आहेत, तर तोंडावर पाणी मारत आणि कांदा हुंगवत बसू नका. कुणीतरी १०८ ला फोन करा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला सुरुवात करा. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, न थांबता. हे शिकायला एक दुपार पुरते.

सध्या शहरांतून रात्रीच्या टर्फवर चाळिशीतले लोक हौसेने फुटबॉल खेळतात. त्यांनी छातीत दडपण, चक्कर, धाप ही लक्षणं ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून झटकू नयेत. पाच दिवस खुर्चीत आणि सहाव्या रात्री थेट वेगवान धाव, हा प्रकार टाचेमागच्या स्नायूबंधालाही मानवत नाही. ‘मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून बघतो तर कुणीच नाही’ असं सांगत येणारे गृहस्थ मी बरेच पाहिले आहेत. तो स्नायूबंध तुटल्याचा अगदी खास अनुभव आहे.

समाजाचा हिशेब

स्वित्झर्लंडमध्ये नोकरदारांना अपघात विमा सक्तीचा आहे आणि सुट्टीच्या दिवशी खेळताना झालेली दुखापतही त्यात येते. त्यामुळे कुणाचा पाय मोडला, किती दिवस कामावर खाडा पडला, किती पैसे गेले, याचा पै-पैचा हिशेब तिथे विमा संस्थेकडे असतो. फुटबॉलवर फार खर्च होतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि २००४ पासून विमा संस्था आणि फुटबॉल संघटना यांनी मिळून देशभरातल्या प्रशिक्षकांना दुखापत टाळण्याचे व्यायाम शिकवले. चार वर्षांनी पाहिलं तर हे व्यायाम करणाऱ्या संघांत सामन्यातल्या दुखापती सुमारे १२ टक्क्यांनी आणि सरावातल्या सुमारे २५ टक्क्यांनी कमी होत्या. विमा संस्थेने बूट-जर्सी वाटल्या नाहीत, व्यायाम वाटले, कारण ते स्वस्त पडत होतं.

आपल्याकडे हा हिशेब कुणीच ठेवत नाही. म्हणजे खर्च होत नाही असं नव्हे, तो घरात जिरतो. त्या फाउंड्री कामगाराला मी एकदा सहज म्हणालो, ‘किती गेले हो या गुडघ्यात?’ त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने मांडून दाखवलं. शस्त्रक्रियेचा फार भार पडला नव्हता. पण त्याआधीचे लेप, इंजेक्शनं, नी-कॅप, दोनदा काढलेले एक्स-रे. शस्त्रक्रियेच्या आणि नंतरच्या फेऱ्यांत वडिलांचे २३ खाडे. आठवड्याला दोनदा फिजिओथेरपीसाठी एसटीचं भाडं. आईने बंद ठेवलेलं शिवणकाम. मुलाची बुडालेली परीक्षा. आणि शेवटच्या ओळीत आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं, ‘भरती गेली’.

यात सार्वजनिक रुग्णालयाचा खर्चही धरायला हवा. ज्या टेबलावर त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्याच टेबलासाठी खुबा मोडलेल्या आजी थांबलेल्या असतात. टाळता येण्यासारखी प्रत्येक दुखापत कुणाच्या तरी रांगेत भर घालते. चषकाच्या बक्षिसाला, फ्लडलाइटला, मिरवणुकीला आपण वर्गणी काढतो. त्यातला थोडा भाग फिजिओथेरपिस्टसाठी आणि खेळाडूंच्या अपघात विम्यासाठी काढणारी मंडळं अजून फार थोडी आहेत.

वीस मिनिटांचा विमा

यावर उपाय आहे, तो फुकट आहे आणि सिद्ध झालेला आहे. ‘फिफा ११+’ या नावाचा, सराव सुरू होण्यापूर्वी करायचा हा कार्यक्रम आहे. सावकाश धावणं, मग पोट, खुबा आणि मांडीच्या ताकदीचे, तोल सांभाळण्याचे आणि उडी मारून नीट उतरण्याचे व्यायाम, आणि शेवटी वेगवान धाव आणि वळणं. एकूण १५ व्यायाम, २० मिनिटं, यंत्र काही नाही. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. यातला एक व्यायाम तर प्रत्येकाने शिकावा. गुडघ्यांवर बसायचं, साथीदाराने घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. या ‘नॉर्डिक’ व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसलं आहे.

अट एकच. आठवड्यातून किमान दोनदा आणि वर्षभर. मॅचच्या दिवशी दोन फेऱ्या मारून हात-पाय झटकले, म्हणजे वॉर्म-अप झाला असं नाही. तालमीची परंपरा असलेल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. आखाड्यात उतरण्याआधी जोर-बैठका चुकवलेल्या पोराला वस्ताद लाल मातीत पाऊल टाकू देत नसत. तोच नियम हिरवळीवर आणायचा आहे.

मैदानावर लक्षात ठेवा

● ‘कट’ आवाज, काही तासांत मोठी सूज किंवा गुडघा सटकणं: खेळ बंद, मालिश बंद, आठवड्याच्या आत अस्थिरोगतज्ज्ञाकडे.
● फवारा आणि वेदनाशामक इंजेक्शन दुखणं लपवतं, दुखापत बरी करत नाही. ते घेऊन सामना खेळू नका.
● नडगीचे पॅड हा खेळाच्या नियमाचा भाग आहे. सरावातही वापरा.
● शाळेच्या मैदानावरचे हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधा. ते अंगावर पडून मुलांचे जीव गेले आहेत.
● मानेला मार लागलेल्या खेळाडूला ओढून उचलू नका. डोकं-मान स्थिर ठेवून रुग्णवाहिकेची वाट पाहा.
● शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. उशीर पैशामुळे होऊ देऊ नका.
● शस्त्रक्रिया ही अर्धीच लढाई आहे. उरलेली फिजिओथेरपीत लढायची असते.

हे सगळं वाचून एखाद्या आईने मुलाचे बूट माळ्यावर टाकू नयेत. हातात मोबाइल घेऊन बसलेल्या मुलांचे गुडघे मोडत नाहीत हे खरं, पण त्यांचं वजन आणि साखर यांची चिंता आमच्याच दुसऱ्या ओपीडीत दिसते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे की आठवड्यातून दोन-तीनदा हौसेने खेळलेल्या फुटबॉलने मध्यमवयीन लोकांचाही रक्तदाब उतरतो. तेव्हा पोरांनी खेळलंच पाहिजे. फक्त मोडलं तर बघू, या भरवशावर नको.

त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. चकतीचा फाटलेला भाग काढावा लागला, जेवढी वाचली तेवढी शिवली. चौथ्या महिन्यात तो ‘खेळू का?’ विचारायला आला, मी नाही म्हटलं. सहाव्या महिन्यात आला, पुन्हा नाही म्हटलं. त्या वेळी तो माझ्यावर रागावून गेला. दहाव्या महिन्यात दोन्ही मांड्यांची ताकद सारखी भरली तेव्हा मी त्याला पळायची परवानगी दिली. १६०० मीटर तो आज पूर्ण पळतो. पहिल्या वेळेपेक्षा काही सेकंद जास्त लागतात, आणि भरतीत गुण सेकंदांवर ठरतात. मागच्या वेळी तो थोडक्यात राहिला. पुढच्या भरतीचा अर्ज त्याने भरला आहे.